गृहसंरक्षणासाठी रायफल (अमेरिका)

गृहसंरक्षणासाठी रायफल म्हणजे घरात शिरलेल्या हल्लेखोरापासून स्वतःचे व कुटुंबीयांचे रक्षण करण्याच्या हेतूने घरी बाळगलेली रायफल होय. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. तेथे सज्ञान नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा घटनादत्त हक्क असून सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबालाही परवडतील अशा रायफली दुकानात उघडपणे विकल्या जातात. मर्यादित पैशांत कोणती रायफल घ्यावी, तिच्यासोबत कोणती साधने आवश्यक आहेत आणि कोणती केवळ हौसेची आहेत, हा तेथील शस्त्रविषयक नियतकालिकांत व प्रशिक्षणवर्गांत नेहमी चर्चिला जाणारा विषय आहे. शस्त्र घरात असणे हेच कुटुंबाला अधिक धोक्याचे ठरते काय, हा वादही त्याला कायम जोडलेला आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत सुमारे ३२ टक्के प्रौढ अमेरिकनांनी आपल्याकडे बंदूक असल्याचे सांगितले. त्यांपैकी ७२ टक्क्यांनी संरक्षण हे एक प्रमुख कारण असल्याचे नमूद केले.

संज्ञा

मराठीत 'बंदूक' हा शब्द खांद्याला लावून झाडायच्या सर्वच शस्त्रांसाठी सैलपणे वापरला जातो. तांत्रिकदृष्ट्या ज्या बंदुकीच्या नळीला आतून सर्पिल खाचा पाडलेल्या असतात तिलाच रायफल म्हणतात. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि तिची दिशा स्थिर राहते. छर्‍याच्या बंदुकीची (शॉटगनची) नळी बहुधा आतून गुळगुळीत असते. 'पिस्तूल' व 'काडतूस' हे शब्द पोर्तुगीजांमार्फत मराठीत आले, तर 'बंदूक' अरबी-फारसीतून आला. 'रायफल' हा मात्र इंग्रजी शब्द जसाच्या तसा रुळला आहे. काडतूस आणि गोळी या दोन शब्दांची गल्लत वर्तमानपत्रांतही होते. काडतुसात पितळी टोपण, दारू, ठिणगी देणारी टिकली व गोळी हे सर्व येते. नळीतून बाहेर पडते ती फक्त गोळी.

कायद्याची पार्श्वभूमी

अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ मध्ये संमत झाली. तिने दिलेला हक्क नागरी सैन्यापुरता आहे की प्रत्येक व्यक्तीचा, हा वाद दोन शतके चालला. 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो वैयक्तिक हक्क असल्याचा आणि घरातील स्वसंरक्षण हा त्याचा गाभा असल्याचा निर्णय दिला. २०१० च्या 'मॅक्डोनल्ड विरुद्ध शिकागो' या निकालाने तो हक्क राज्य सरकारांवरही बंधनकारक ठरला.

संघराज्याच्या १९६८ च्या कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घेण्यास किमान वय १८, तर पिस्तुलासाठी २१ आहे. ग्राहकाला ४४७३ क्रमांकाचा नमुना भरून द्यावा लागतो आणि १९९८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय यंत्रणेमार्फत त्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. इंटरनेटवरून मागवलेली रायफलसुद्धा थेट घरी येत नाही. ती जवळच्या परवानाधारक दुकानात जाते आणि तेथे हीच तपासणी होते. अनेक राज्यांत खाजगी व्यक्तींमधील विक्रीला मात्र ही अट लागू नाही.

रायफलची नळी १६ इंचांपेक्षा (सुमारे ४०.६ सेंटिमीटर) आखूड असेल, तर १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली तिची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. बाजारातील बहुसंख्य रायफलींची नळी नेमकी १६ इंच किंवा त्याहून किंचित लांब असते, त्याचे कारण हेच.

राज्याराज्यांतील फरक याहून मोठे आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मेरिलंड, कनेक्टिकट, इलिनॉय, वॉशिंग्टन इत्यादी राज्यांत काही विशिष्ट वैशिष्ट्ये असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या विक्रीवर बंदी वा निर्बंध आहेत. त्यांपैकी बर्‍याच राज्यांत दहापेक्षा अधिक काडतुसांचे मॅगझीनही चालत नाही. टेक्ससमध्ये पूर्णपणे कायदेशीर असलेली रायफल मोटारीत घालून न्यू जर्सीत राहायला जाणारा मनुष्य तेथे पोहोचताच गुन्हेगार ठरू शकतो. यामुळे स्वस्त रायफलीचा शोध घेण्याआधी आपल्या राज्याचा कायदा पाहणे हे खरेदीचे पहिले पाऊल मानले जाते.

परदेशी नागरिक आणि मराठी भाषक

अमेरिकेत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेल्या मराठी भाषकांच्या दृष्टीने एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. विद्यार्थी व्हिसा, एच-१बी किंवा पर्यटक व्हिसा अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक वा काडतुसे विकत घेणे किंवा बाळगणे संघराज्याच्या कायद्याने मना आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. घरमालकाची किंवा मित्राची बंदूक 'सांभाळायला' ठेवून घेणेही यात येते. कायम निवासाचे कार्ड (ग्रीन कार्ड) मिळालेल्या व्यक्तीला मात्र सामान्यतः नागरिकाप्रमाणेच खरेदी करता येते. ही बंदी फौजदारी स्वरूपाची असून तिच्या भंगाने तुरुंगवासाबरोबर देशात राहण्याचा हक्कही जाऊ शकतो. शेजार्‍याकडे बंदूक आहे म्हणून आपणही घ्यावी, इतके सरळ हे प्रकरण नाही.

बळाचा वापर केव्हा समर्थनीय ठरतो

आपले घर म्हणजे आपला किल्ला, हे तत्त्व अमेरिकेने इंग्रजी विधिपरंपरेतून घेतले. १६०४ च्या 'सेमेन' खटल्याशी त्याचा उगम जोडला जातो. स्वतःच्या घरात असलेल्या माणसाने हल्लेखोरापासून पळ काढलाच पाहिजे असे बंधन नाही, एवढाच या तत्त्वाचा मूळ अर्थ आहे. घराच्या आवारात पाय ठेवणार्‍या कोणालाही गोळी घालण्याची मुभा असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो, तो चुकीचा आहे. जीवाला किंवा शरीराला गंभीर इजा होण्याची तात्काळ व वाजवी भीती असावी लागते. पळून जाणार्‍या चोरावर मागून गोळी झाडणारे अनेक घरमालक खुनाच्या वा मनुष्यवधाच्या आरोपाखाली उभे राहिले आहेत.

या संदर्भात १९९२ मध्ये लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे घडलेल्या घटनेचा दाखला नेहमी दिला जातो. योशिहिरो हातोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या मेजवानीला जाताना पत्ता चुकून भलत्याच घरी पोहोचला. घरमालकाने मोठ्या ताकदीचे रिव्हॉल्व्हर रोखून 'थांब' अशा अर्थाचा हुकूम दिला. मुलाला तो उमगला नाही आणि गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला, परंतु दिवाणी दाव्यात त्याला साडेसहा लाख डॉलरांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश झाला. जपानमध्ये या घटनेची तीव्र प्रतिक्रिया उमटली. समोर कोण आहे हे ओळखता न येणे हा गृहसंरक्षणातील सर्वांत मोठा धोका आहे. पुढे साधनांच्या विचारात दिव्याला पहिले स्थान मिळते ते यामुळेच.

प्रत्यक्ष घरफोडीचे स्वरूप

शस्त्र निवडताना ज्या प्रसंगाची कल्पना केली जाते तो कितपत वारंवार घडतो, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेच्या न्याय सांख्यिकी विभागाच्या अहवालानुसार २००३ ते २००७ या काळात दरवर्षी सरासरी ३७ लाख घरफोड्या झाल्या. त्यांपैकी सुमारे २८ टक्के वेळा घरात कोणीतरी होते आणि सुमारे ७ टक्के प्रकरणांत घरातील व्यक्तीवर हिंसाचार झाला. अशा हिंसक प्रकरणांपैकी ६५ टक्क्यांत हल्लेखोर हा घरच्यांच्या ओळखीचा होता. मध्यरात्री खिडकी फोडून येणारा अनोळखी दरोडेखोर ही प्रतिमा सर्वस्वी खोटी नाही, पण ती प्रातिनिधिकही नाही.

यावरून बहुतेक जबाबदार प्रशिक्षक असा क्रम सांगतात की, आधी दाराची चौकट मजबूत करावी, कडीच्या पट्टीला लांब स्क्रू लावावेत, बाहेर दिवा बसवावा आणि घरातील सर्वांनी एका खोलीत जमून पोलिसांना दूरध्वनी करण्याचा सराव करावा. काही डॉलरांत होणारे हे काम काहीशे डॉलरांच्या रायफलीपेक्षा अधिक वेळा उपयोगी पडते.

रायफल, पिस्तूल की शॉटगन

रायफलला खांदा, गाल व दोन्ही हात असे आधार मिळत असल्याने नवशिक्याला तिचा नेम पिस्तुलापेक्षा सहज साधतो. हलक्या काडतुसाच्या रायफलीचा धक्का बारा बोअरच्या शॉटगनपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे शरीराने किरकोळ व्यक्तीलाही ती पेलते. तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. अरुंद बोळातून वा दारातून लांब नळी घेऊन वळणे अवघड जाते. एका हाताने मूल उचलायचे किंवा फोन धरायचा असेल, तर रायफल जवळजवळ निरुपयोगी होते. ती सुरक्षित ठेवायला जागाही अधिक लागते. म्हणून अमेरिकेत संरक्षणासाठी घेतल्या जाणार्‍या शस्त्रांत पिस्तुलाचे स्थान पहिलेच राहिले आहे. गुन्हेगारीतही तेच चित्र दिसते. संघीय अन्वेषण विभागाच्या २०१९ च्या आकडेवारीत बंदुकीने झालेल्या १०,२५८ खुनांपैकी ६,३६८ पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने, तर ३६४ रायफलने झाल्याची नोंद आहे. बर्‍याच खुनांत शस्त्राचा प्रकार नोंदलेलाच नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

काडतूस आणि भिंत

रायफल निवडणे म्हणजे वस्तुतः काडतूस निवडणे होय. अमेरिकन घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी खांबांच्या दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा इंच जाडीची जिप्समची फळी ठोकलेली असते. अशी भिंत कोणत्याही परिणामकारक गोळीला अडवू शकत नाही. हुकलेली गोळी शेजारच्या खोलीत, कदाचित मुलांच्या खोलीत जाते. पुण्या-मुंबईच्या विटांच्या वा काँक्रीटच्या घरात वाढलेल्या वाचकाला हा मुद्दा चटकन जाणवत नाही, परंतु तेथील सर्व चर्चा या भिंतीभोवती फिरते.

.२२३ रेमिंग्टन हे लहान, हलके व अतिवेगवान काडतूस आहे. त्याची नेहमीची गोळी ५५ ग्रेन, म्हणजे सुमारे ३.६ ग्रॅम वजनाची असून तिचा वेग सेकंदाला ९०० मीटरपेक्षा अधिक असतो. योग्य बनावटीची अशी गोळी अडथळ्याला लागताच फुटते किंवा पसरते आणि तिची शक्ती लवकर संपते. त्यामुळे रायफलीची गोळी असूनही ती काही भिंती ओलांडल्यावर पिस्तुलाच्या जड गोळीपेक्षा कमी धोकादायक राहू शकते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. सर्वसामान्य समजाच्या हे उलट आहे. पण 'कमी धोकादायक' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. शिवाय हा गुण गोळीच्या बनावटीवर अवलंबून असतो. सरावासाठी वापरली जाणारी पूर्ण धातुवेष्टित स्वस्त गोळी आणि टोकाशी पसरणारी संरक्षणाची गोळी यांत मोठा फरक आहे. मॅगझीनभर चांगली काडतुसे घेणे हा अल्प खर्चातील सर्वांत अर्थपूर्ण खर्च म्हणता येईल.

.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ × ४५ मिलिमीटर ही दोन काडतुसे बाहेरून सारखीच दिसतात. ५.५६ साठी बनवलेल्या रायफलीत .२२३ चालते. केवळ .२२३ असा शिक्का असलेल्या रायफलीत मात्र ५.५६ वापरल्यास नळीतील दाब मर्यादेबाहेर जाण्याचा संभव असतो. नळीवरील शिक्का वाचूनच काडतुसे घ्यावीत.

.३०८ विंचेस्टरसारखी शिकारीची मोठी काडतुसे घराच्या आत अनावश्यक ठरतात. ती भिंतीमागून भिंती भेदतात, त्यांचा आवाज व धक्का अधिक असतो आणि ती महागही पडतात.

परवडणार्‍या रायफलींचे प्रकार

अमेरिकन बाजारात या कामासाठी सर्वाधिक खपणारी रायफल म्हणजे एआर-१५ होय. युजीन स्टोनर याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आर्मालाइट या कंपनीसाठी तिची रचना केली. १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने तिचे हक्क विकत घेतले आणि १९६० च्या दशकात तिची नागरी आवृत्ती विक्रीस आली. नावातील 'एआर' ही अक्षरे आर्मालाइटची आहेत, 'असॉल्ट रायफल' या शब्दांची नव्हेत. नागरी आवृत्ती अर्धस्वयंचलित आहे, म्हणजे चाप एकदा ओढल्यास एकच गोळी सुटते. मूळ स्वामित्वहक्काची मुदत १९७० च्या दशकात संपल्यावर अनेक कारखाने त्याच मापाची रायफल व सुटे भाग बनवू लागले. स्पर्धेमुळे किमती उतरल्या. २०२० च्या दशकात साधी पण विश्वसनीय एआर-१५ साधारण ५०० ते ८०० डॉलरांत मिळते. तिचे वजन सुमारे तीन किलो असते आणि दस्ता मागेपुढे सरकवता येत असल्याने घरातील उंच-ठेंगण्या दोघांनाही ती वापरता येते. हीच रायफल अनेक सामूहिक हत्याकांडांत वापरली गेली आहे, त्यामुळे तिच्या नागरी विक्रीला असलेला विरोधही सर्वांत तीव्र आहे. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत तिच्या कित्येक आवृत्त्यांच्या निर्मितीवर देशभर बंदी होती.

दुसरा पर्याय म्हणजे पिस्तुलाचे ९ मिलिमीटर काडतूस वापरणारी कार्बाइन. हिची काडतुसे रायफलीच्या काडतुसांच्या निम्म्या किमतीला मिळतात, धक्का सौम्य असतो आणि काही बनावटींत पिस्तुलाचेच मॅगझीन चालते. काही बनावटी एआर-१५ हूनही स्वस्त आहेत. भिंतीच्या मुद्द्यावर मात्र त्या मागे पडतात, कारण पिस्तुलाची गोळी सहसा फुटत नाही.

जेथे अर्धस्वयंचलित रायफलींवर निर्बंध आहेत, त्या राज्यांत लिव्हर रायफलीचा विचार होतो. चापाभोवतीची कडी खाली-वर करून दरवेळी नवे काडतूस आत घेण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील असून जॉन ब्राउनिंगने रचलेली १८९४ ची विंचेस्टर हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. चित्रपटांमुळे ती भारतीय प्रेक्षकालाही परिचित आहे. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसत असल्याने तिच्यात चपट्या टोकाची गोळी वापरावी लागते. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर आदळून स्फोट होऊ शकतो. नवी लिव्हर रायफल आज बहुधा साध्या एआर-१५ पेक्षा महाग पडते, तेव्हा जुनेपणा म्हणजे स्वस्ताई असे गणित येथे लागू होत नाही.

सोव्हिएत बनावटीची एसकेएस एके काळी आयात मालामुळे अतिशय स्वस्त होती आणि जुन्या पुस्तकांत तिची शिफारस आढळते. आता तिला संग्राहकांची किंमत आली आहे. .२२ रिमफायर रायफली, उदाहरणार्थ १९६४ पासून निघणारी रुगर १०/२२, सरावाला उत्तम व अगदी कमी खर्चाच्या आहेत. तथापि त्यांचे काडतूस दुबळे असते आणि ते न पेटण्याचे प्रमाणही अधिक असते. संरक्षणासाठी त्यांच्यावर विसंबणे तज्ज्ञ मान्य करत नाहीत.

खर्चाची मांडणी

नवशिका खरेदीदार सगळे पैसे रायफलीवर घालवतो आणि काडतुसे, शिकवणी व कुलूप यांना काही उरत नाही, ही प्रशिक्षकांची नित्याची तक्रार आहे. हजार डॉलर हाताशी असलेल्या ग्राहकाने सहाशेच्या आतली रायफल घ्यावी आणि उरलेल्या चारशेंत दिवा, पट्टा, कर्णरक्षक, कुलपाची पेटी व सरावाची काडतुसे बसवावीत, असा साधारण सल्ला असतो. .२२३ चे एक काडतूस सुमारे अर्ध्या डॉलरला पडते. नवी रायफल विश्वासपात्र ठरवण्यासाठी किमान दोनशे काडतुसे तिच्यातून अडथळ्याविना गेली पाहिजेत, म्हणजे शंभर डॉलर तेथेच खर्च होतात. संरक्षणासाठी ठेवायची महाग काडतुसेही काही प्रमाणात झाडून पाहावी लागतात, कारण प्रत्येक रायफल प्रत्येक काडतूस सारख्याच सहजतेने पचवत नाही.

दर्शनी किमतीत काही गोष्टी दिसत नाहीत. रायफली व काडतुसे यांवर उत्पादकाकडून ११ टक्के संघीय अबकारी कर घेतला जातो, तो किमतीत मिळालेला असतो. १९३७ च्या कायद्यानुसार हा पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून आणखी ११ टक्के राज्यकर लावला आहे. इंटरनेटवरून मागवलेल्या रायफलीसाठी स्थानिक दुकान हस्तांतरणाचे वेगळे शुल्क आकारते. जुनी रायफल घेताना नळीचा आतला भाग, बोल्ट आणि सुरक्षा-खटका तपासून घ्यावा लागतो. अनोळखी माणसाने घरी बनवलेली काडतुसे स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत.

साधने

दिवा हे पहिले साधन. अंधारात हलणारी आकृती चोराची आहे की रात्री उशिरा परतलेल्या मुलाची, हे दिव्याशिवाय कळत नाही. रायफलीवर बसणारा चांगला दिवा शंभर ते दीडशे डॉलरांना मिळतो. मात्र रायफलीवरचा दिवा माणसाकडे रोखायचा म्हणजे नळीही त्याच्याकडे रोखली जाते. म्हणून वेगळा हातदिवा आणि भिंतीवरचे साधे विजेचे बटण यांचा वापर आधी करावा, असे शिकवले जाते.

पट्टा (स्लिंग) तीस ते पन्नास डॉलरांचा असतो आणि त्यामुळे रायफल खाली न ठेवता हात मोकळा करता येतो. पोलीस दारात आले असताना हातात रायफल असणे हेही जीवावर बेतू शकते. फोनवर आपले वर्णन सांगावे आणि पोलीस येताच शस्त्र खाली ठेवावे, ही सूचना प्रशिक्षणात आवर्जून दिली जाते.

नेम धरण्यासाठी लाल ठिपक्याचे दर्शक (रेड डॉट) लोकप्रिय आहेत. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये असे पहिले विद्युत दर्शक बाजारात आणले. आता शंभर ते दोनशे डॉलरांत कामचलाऊ दर्शक मिळतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका लक्ष्यावर आणायचा असल्याने ते शिकायला सोपे जाते. एक बारकावा येथे ध्यानात ठेवावा लागतो. एआर-१५ वर दर्शक नळीच्या सुमारे सहा-सात सेंटिमीटर वर असतो. दर्शक ५० यार्डांसाठी जुळवला असेल, तर खोलीच्या लांबीइतक्या अंतरावर गोळी ठिपक्याच्या पाच-सहा सेंटिमीटर खाली लागते. हा फरक कागदी लक्ष्यावर एकदा पाहिला की विसरत नाही. दुर्बीण (मोठे करून दाखवणारी) घरात अडचणच करते. ज्यांचे पैसे खरोखर संपले आहेत, त्यांना रायफलीबरोबर आलेल्या साध्या नेम-खुणाही पुरतात.

कानांचा विचार क्वचितच केला जातो. १६ इंच नळीच्या ५.५६ रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. १४० डेसिबलच्या पुढचा क्षणिक आवाजही श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो आणि बंद खोलीत भिंतींवरून परतणार्‍या ध्वनीने त्रास वाढतो. ५० डॉलरांच्या आसपास मिळणारे विद्युत कर्णरक्षक मोठा आवाज दाबतात व बोलणे ऐकू देतात. नळीच्या टोकाला लावायचे धक्काशामक (मझल ब्रेक) आवाज व झोत आजूबाजूला फेकतात, म्हणून घरातील रायफलीवर ते नसलेले बरे. ध्वनिशामकाने (सप्रेसर) आवाज २० ते ३५ डेसिबलने उतरतो, पण तो १९३४ च्या कायद्याखाली नोंदवावा लागतो आणि काही राज्यांत नागरिकांना तो पूर्णतः निषिद्ध आहे. त्यावरील २०० डॉलरांचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणीची अट मात्र कायम आहे.

मॅगझीन दहा ते पंधरा डॉलरांना मिळते. तीन-चार असली तरी पुरे. नळीखाली लावायच्या मुठी, लेसर, शोभेचे रंगीत भाग यांनी वजन वाढते, संरक्षण वाढत नाही.

साठवण

ज्या घरात मूल, किशोरवयीन मुलगा वा मुलगी किंवा मानसिक तणावातून जाणारी व्यक्ती आहे, तेथे रायफल उघडी ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. कपाटाच्या वर, गादीखाली किंवा दारामागे लपवलेले शस्त्र मुलांना सापडतेच. पत्र्याचे कुलूपबंद कपाट शंभर-दीडशे डॉलरांत मिळते. ते भिंतीला वा जमिनीला बोल्टने पक्के करावे लागते, नाहीतर चोर कपाटासकट शस्त्र नेतो. आकड्यांची कळ दाबताच उघडणार्‍या पेट्या अधिक महाग असल्या तरी 'कुलूप असले तर वेळेवर शस्त्र मिळणार नाही' या आक्षेपाला त्या उत्तर देतात. अनेक प्रशिक्षक मॅगझीन भरलेले पण नळीत काडतूस नसलेले अशी स्थिती सुचवतात, कारण पडण्याने वा धक्क्याने अपघात होण्याचा संभव तीत कमी असतो.

काही राज्यांत कुलूपबंद साठवण सक्तीची आहे. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथील शाळेत नोव्हेंबर २०२१ मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने वडिलांनी आणलेल्या पिस्तुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. २०२४ मध्ये त्याच्या आई व वडील दोघांनाही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आले. शालेय गोळीबाराबद्दल पालकांवर असा दोष सिद्ध होण्याची ती पहिली वेळ होती.

लाभ व धोका यांविषयीचा वाद

बंदुकीने दरवर्षी किती अमेरिकन स्वतःचे रक्षण करतात, याविषयीचे अंदाज चक्रावून टाकतात. गॅरी क्लेक व मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये वर्षाला सुमारे २५ लाख प्रसंग असा अंदाज दिला. राष्ट्रीय गुन्हेपीडित पाहणीवरून मात्र तो आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. पहिल्या पद्धतीत थोड्या लोकांच्या उत्तरांवरून सार्‍या देशाचा हिशेब केला जात असल्याने किरकोळ चूकही अनेक पटींनी फुगते. दुसरीत गुन्ह्याचा बळी ठरलेल्यांनाच प्रश्न विचारला जातो, त्यामुळे काही प्रसंग निसटत असावेत. दोन्ही बाजूंचे प्रचारक आपापला आकडा निःशंकपणे वापरतात.

घरातील बंदुकीच्या धोक्याविषयी आर्थर केलरमन व त्यांच्या सहकार्‍यांचा १९९३ मधील अभ्यास प्रसिद्ध आहे. बंदूक असलेल्या घरात खुनाची शक्यता सुमारे २.७ पट असल्याचे त्यात आढळले. धोक्याच्या भीतीनेच लोक बंदूक घेतात, मग कारण कोणते व परिणाम कोणता, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. १९९६ मध्ये संसदेने घातलेल्या अटीमुळे या विषयावरील सरकारी संशोधन जवळजवळ दोन दशके थंडावले.

एका मुद्द्यावर मात्र फारसा मतभेद उरलेला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले, त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. निराशेचा तीव्र झटका पुष्कळदा अल्पकाळ टिकतो. त्या काळात शस्त्र हाताशी नसेल, तर माणूस वाचण्याची शक्यता फार वाढते. म्हणून घरातील कोणी अशा अवस्थेतून जात असेल, तर रायफल तात्पुरती घराबाहेर ठेवावी, असे वैद्यक संघटनांप्रमाणे बंदूक विक्रेत्यांच्या संघटनाही सांगतात. काही राज्यांत दुकाने वा सरावकेंद्रे असे शस्त्र ठेवून घेतात. मात्र दुसर्‍याकडे शस्त्र सोपवण्याचे नियम राज्यागणिक बदलतात.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नसून परवान्याचा विषय आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात आयुक्त, तर इतरत्र जिल्हाधिकारी परवाना देतात. जीविताला धोका असल्याचे अर्जदाराला पटवून द्यावे लागते आणि सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. एआर-१५ सारखी अर्धस्वयंचलित रायफल प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात मोडते, त्यामुळे सामान्य नागरिकाला ती मिळत नाही. परवान्यावर मिळणार्‍या रायफलींत ईशापूरच्या रायफल कारखान्याची .३१५ बोअरची बोल्ट रायफल सर्वपरिचित आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाला परंपरेने परवान्यातून सूट आहे. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाते.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र शस्त्र परवान्यावर अवलंबून नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मधील तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आल्या आहेत. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणार्‍याविरुद्ध कलम ४१ खाली प्राणघातक बळाचाही वापर समर्थनीय ठरू शकतो. तथापि बळ हे संरक्षणास आवश्यक तेवढेच असावे आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्क उरत नाही, अशा मर्यादा त्यावर आहेत.